इंजिनाला हार, वाघिणीला भंगार

दरवर्षी 16 एप्रिल जवळ आला की आपल्या रेल्वेप्रेमाला ऊत येतो. 1853, बोरीबंदर ते ठाणे, 34 किलोमीटर, 14 डबे, 400 पाहुणे आणि साहिब, सिंध, सुलतान ही तीन इंजिनं. सगळ्यांना सगळं तोंडपाठ. वर्तमानपत्रं गेल्या वर्षीचाच मजकूर वर्ष बदलून छापतात, कुठेतरी केक कापला जातो, कुणीतरी शिट्टीचा आवाज मोबाइलवर लावतो. रेल्वे मुळात कशाला आणली हे मात्र त्या दिवशी कुणी बोलत नाही. लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस हवा होता. लॉर्ड डलहौसीच्या 1853 च्या टिपणात तो कापूस सरळ शब्दांत लिहिलेला आहे. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस थांबला, आणि इकडे भाव कडाडले. 1865 मध्ये थळ घाट सर झाला, 1867 मध्ये गाडी नागपूरला पोचली. जीआयपी म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेवाल्यांनी एवढा डोंगर फोडला तो अमरावतीकरांना मुंबईचा समुद्र दाखवायला नक्कीच नाही.

कापसाच्या त्या गाठी वाघिणींतून, म्हणजे मालगाडीच्या डब्यांतून गेल्या. त्या काळातली जीआयपीची कापसाची एक वाघीण कुठे उभी असेल तर मला कळवा. मी चालत येतो.

इंजिनांचं कौतुक मात्र गावोगाव आहे. रेल्वे ऑफिससमोर चौथरा, चौथऱ्यावर इंजिन, इंजिनाला ऑइलपेंट. बॉयलरला चंदेरी, चाकांना लाल, जिथे ब्रश पोचेल तिथे पिवळा. नोकरीत असताना ते इंजिन कधीच असं दिसलं नव्हतं, पण विचारतो कोण? दसऱ्याला झेंडूचा हार पडतो, फोटो निघतो. प्रवासी डब्याचं नशीबही बरं आहे, निवृत्तीनंतर त्याचं हॉटेल होतं आणि आत बसून लोक पनीर टिक्का खातात. वाघीण टनावर जाते. लिलाव, लोखंडाचा भाव, गॅस कटर, संपलं. दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात 1977 पासून काही वाघिणी आहेत, नाहीत असं नाही. पण तिथे येणारी कुटुंबं त्यांना ओलांडून पतियाळाच्या मोनोरेलकडे धावतात, आणि त्यांना थांबवावं असं त्या वाघिणींशेजारी कुणी काही लिहीतही नाही.

आजही रेल्वेच्या कमाईतला साधारण दोन तृतीयांश पैसा मालवाहतुकीतून येतो. तुमच्या-माझ्या तिकिटाचा तोटा मालगाडी भरून काढते. कमावत्या पोराला ओसरीवर जेवायला वाढायचं आणि मिरवणाऱ्याला पाटावर, तसला हा कारभार आहे.

सरकारला शिव्या घालणं सोपं आहे, म्हणून ते इथेच थांबवतो आणि आपल्या जमातीकडे वळतो. जमात म्हणजे रेल्वेची मॉडेलं करणारे आम्ही लोक. पुण्यात आहोत, मुंबईत आहोत, नागपुरात आहोत, आणि परदेशात जाऊन तळघरात रूळ टाकलेलेही आहेत. पैसा आहे, डिजिटल कंट्रोल आहे, डिझेलचा हुबेहूब आवाज काढणारी इंजिनं आहेत. लोकोवर तासन्‌तास बोलतील. अमुक शेडच्या अमुक नंबरच्या इंजिनाच्या कॅबवर पट्टी दोन इंच वर होती की खाली, यावर हातघाईवर येतील. त्याच माणसाला विचारा, मागे जोडलेल्या वाघिणी कुठल्या सालच्या? “गुड्स आहे ना, तपकिरी मारलाय.” संपलं संशोधन.

एका प्रदर्शनात मी पाहिलेली गाडी सांगतो. पुढे डब्ल्यूजी वर्गाचं वाफेचं इंजिन, अप्रतिम केलेलं. कोळशाचे तुकडेसुद्धा खरे. मागे बीओएक्सएन वाघिणींची रांग. लोक टाळ्या वाजवत होते. डब्ल्यूजी हे पन्नासच्या आणि साठच्या दशकातलं इंजिन, त्यातलं शेवटचं ‘अंतिम सितारा’ 1970 मध्ये चित्तरंजनहून बाहेर पडलं. ते व्हॅक्यूम ब्रेकच्या जमान्यातलं. बीओएक्सएन आली ऐंशीच्या दशकात, तिचा ब्रेक हवेच्या दाबावर चालतो, नावातला शेवटचा एन त्यासाठीच आहे. तिला बाजूचे बफरही नाहीत. म्हणजे या महाशयांची गाडी घाटात उतरली असती तर ब्रेक फक्त इंजिनाला लागला असता आणि मागून भरलेल्या वाघिणींचा सगळा भार अंगावर आला असता. प्रत्येक वाघिणीचं भरलेलं वजन 81 टनांच्या वर. मी हे हळूच सांगितलं तर उत्तर मिळालं, “एवढं कोण बघतं?” गृहस्थांच्या इंजिनाच्या नंबरप्लेटचा फॉन्ट मात्र चुकला असता तर त्यांना झोप लागली नसती.

दुसरी चूक याहून सर्रास. मनमाडचं यार्ड करायचं, साल साठच्या दशकातलं ठरवायचं, आणि सगळ्या वाघिणींवर मध्य रेल्वेची अक्षरं मारायची. अहो, ब्रॉडगेजच्या वाघिणींचा देशभर एकच पूल होता. एका रेल्वेची वाघीण दुसऱ्या रेल्वेवर रिकामी झाली की जवळचा माल भरून ती तिसरीकडे जायची. मनमाडला उभ्या गाडीत उत्तर, दक्षिण, पूर्व, सगळ्या रेल्वेंच्या वाघिणी मिसळलेल्या असायच्या. सगळा देश एका लाइनीत उभा दिसायचा, आणि आपण तो एका डब्यातल्या एकाच शिक्क्यानं पुसून टाकतो. अमेरिकेत एका मालगाडीत कोणत्या कंपनीचे किती डबे दिसायला हवेत यावर छंदिष्ट लोक वर्षानुवर्षं आकडेमोड करतात. त्यांच्याकडे प्रत्येक कंपनीच्या डब्यांची मालिका, मापं आणि संख्या छापणारं उपकरणांचं रजिस्टर 1880 च्या दशकापासून आहे. इंग्लंडात मॉडेलवाल्यांनी 1950 मध्ये संस्था काढली आणि नकाशे, फोटो जमवायला लागले. आपल्याकडे जमवायचं म्हटलं की पहिला प्रश्न, “यातून मिळतं काय?”

आता रुळांकडे येतो, कारण खरी गंमत तिथे आहे. बाजारात मिळणारं एचओ हे माप म्हणजे खऱ्याचा 87 वा भाग, आणि त्याचे रूळ 16.5 मिलिमीटरवर. हे गणित युरोप-अमेरिकेच्या 1435 मिलिमीटर गेजचं. आपलं ब्रॉडगेज 1676. त्याला 87 नं भागा, 19.26 येतात. म्हणजे भारतीय वाघीण आपण 16.5 च्या रुळावर ठेवतो तेव्हा ती जवळजवळ पावणेतीन मिलिमीटर आखडलेल्या पायांवर उभी असते. समोरून पाहिलं तर डबा रुंद आणि चाकं आत ओढलेली. ज्याला डोळा आहे त्याला ते खुपतं. 19.26 चे रूळ कुठे तयार मिळत नाहीत, स्वतः घालायचे तर पॉइंट, क्रॉसिंग, चाकांचे आस सगळं हातानं करावं लागतं. त्यात लांबीची कटकट. बीओएक्सएन कपलरपासून कपलरपर्यंत 10.713 मीटर, एचओमध्ये 123 मिलिमीटर. 58 वाघिणींची पूर्ण रेक केली तर सात मीटरच्या पुढे जाते, इंजिन आणि गार्डाचा डबा सोडून. कोथरूडच्या कुठल्या फ्लॅटचा हॉल एवढा आहे? ब्रॉडगेजवाल्याची अडचण मला मान्य आहे. त्याला मी माफ करतो.

माफी नाही ती नॅरोगेजच्या बाबतीत. बार्शी लाइट रेल्वेचं गेज अडीच फूट, 762 मिलिमीटर. भागिले 87, उत्तर 8.76. आणि दुकानात एन गेजचे रूळ मिळतात 9 मिलिमीटरचे! पाव मिलिमीटरचा फरक. त्यावर एचओच्या मापात बार्शी लाइट बसवायची तर देवानंच सोय करून ठेवली आहे. एकट्या बार्शीचंच नाही. मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरकडे जाणारी शकुंतला, पाचोरा–जामनेर, पुलगाव–आर्वी, नागपूरच्या मोतीबागेतून सातपुड्यात शिरणारं बंगाल नागपूर रेल्वेचं जाळं, सगळं 762 चंच होतं. माथेरान तेवढं दोन फुटी, ते सोडा. महाराष्ट्राची जवळजवळ सगळी छोटी रेल्वे दुकानातल्या तयार रुळावर उभी राहू शकते. आणि आमचे लोक काय करतात? स्विस आल्प्स. थर्माकोलचा डोंगर, त्यावर पांढरी पावडर, लाल डब्यांची गाडी, खाली प्लॅस्टिकच्या गाई. बार्शीचा माणूस बर्नचं स्टेशन करतो.

बार्शीच्या वाघिणीवर थोडं थांबतो, कारण ती साधीसुधी चीज नव्हती. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाचा इंजिनियर. (पुढे त्यानं विमानातून उडी मारायचं पॅराशूटही केलं, डोकं कुठे कुठे चालायचं बघा.) त्याचं म्हणणं असं की अरुंद रूळ म्हणजे हलका माल, हा निव्वळ आळस आहे. प्रत्येक आसावरचं ओझं पाच टनांच्या आत ठेवा, इंजिनालाही तीच मर्यादा लावा, आणि आस वाढवा. चार आसांची बोगी वाघीण केली की एकूण वजन वीस टनांपर्यंत जातं. तिचा सांगाडा दाबून घडवलेल्या पोलादी पत्र्याचा केला की स्वतःचं वजन कमी होतं आणि मालाला जागा वाढते. रूळ हलके, पूल हलके, खर्च कमी. हा माल लीड्सच्या कारखान्यात तयार झाला, तिथेच न्यूलेला रूळ घालून चालवून दाखवला, आणि 1897 मध्ये बार्शी रोड म्हणजे आपल्या कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत धावायला लागला. पुढे फाटा पंढरपूरला गेला, लातूरला गेला, 1927 मध्ये मिरजेला. याच माणसानं नंतर इंग्लंडात स्टॅफर्डशायरमधली लीक अँड मॅनिफोल्ड रेल्वे उभारली, 1904 मध्ये सुरू झालेली आणि 1934 मध्ये बंद पडलेली. तीस वर्षं चाललेल्या त्या चिमुकल्या रेल्वेवर तिकडे पुस्तकं आहेत, नकाशे आहेत, मॉडेलं आहेत. आपल्या बार्शीनं शतक गाठलं. तिच्या मालवाघिणीची दारं किती रुंद होती हे विचारा बरं कुणाला!

आता “मॉडेल म्हणजे पोरखेळ” म्हणणाऱ्यांसाठी. 1921 च्या नोव्हेंबरात मलबारमध्ये तिरूर स्टेशनावर मोपला बंडातले शंभरएक कैदी एका बंद डब्यात कोंडले गेले आणि डबा पोदनूरकडे निघाला. सत्तरच्या आसपास माणसं गुदमरून मेली. डबा होता मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेचा. चौकशी बसली तेव्हा मुद्दा येऊन ठेपला तो डब्याच्या झरोक्यांवर. कागदावर झरोके होते, हवा खेळायला हवी होती. प्रत्यक्षात त्यांवरची बारीक तारेची जाळी रंगाचे हात आणि धूळ बसून बुजलेली निघाली. झरोक्याची जाळी! आम्ही ज्याला तपशील म्हणतो आणि लोक ज्याला नाद म्हणतात, तो हाच. एखादा डबा कसा बांधला होता, कुठून हवा यायची, दार बाहेरून कसं अडकायचं, रंगाचे किती थर चढले होते, यावर माणसं जगली किंवा मेली. यात्रेच्या दिवसांत प्रवासी डबे पुरले नाहीत की मालडब्यांत यात्रेकरू भरायची पद्धत या देशात कित्येक वर्षं होती. त्या डब्यांचे नकाशे जपणं हे इतिहासाचं काम आहे आणि ते इतिहासाचे प्राध्यापक करत नाहीत. ते रेल्वेवर लिहितात तेव्हा वसाहतवादावर प्रकरणं लिहितात. वाघिणीचं दार उघडून आत डोकावलेला एकही मला भेटलेला नाही.

मी डोकावलो. विदर्भातल्या एका जंक्शनच्या यार्डाच्या टोकाला जुन्या चारचाकी बंद वाघिणीचं नुसतं धड जमिनीवर ठेवलं होतं. चाकं गेलेली, गँगवाल्यांच्या फावड्या-घमेल्यांची कोठी झालेली. मी टेप लावून मापं घेत होतो, तेवढ्यात एक म्हातारे खलाशी आले. “काय मोजून राह्यले भाऊ? इकत घेता का?” मी दाराखालच्या एका लोखंडी पट्टीकडे बोट दाखवलं. सगळी वाघीण रिव्हेटची, ही पट्टी मात्र वेल्डिंगची, आणि ती कुठल्याही नकाशात नव्हती. ते हसले. “थे होय! तिथं फट होती ना. गाडी सिक लाइनीत पडली का पोरं परखी घालत. अर्ध्या तासात पोतंभर साखर. मंग वर्कशॉपनं पट्टी मारली.” व्यापारी धान्याचा नमुना काढायला पोत्यात खुपसतात ती परखी, हे वेगळं सांगायला नको. त्या एका पट्टीत गुड्स शेडची चोरी, दावा खात्याची डोकेदुखी आणि वर्कशॉपचा उपाय असं सगळं होतं. मी तिचा फोटो काढला, जाडी मोजली. दार दोन पाखी, कडी-कोयंड्याजवळ सील बांधायची जागा घासून गुळगुळीत झालेली, लेबल अडकवायची पत्र्याची खोबण वाकलेली. आत भिंतीवर खडूनं लिहिलेले हिशेब. रिव्हेटचं डोकं एचओमध्ये अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी भरतं. मी ते एकेक टोचून उठवले आणि ती पट्टीही लावली. प्रदर्शनात एका सदस्यानं सांगितलं, “खाली काहीतरी एक्स्ट्रा तुकडा चिकटलाय, काढून टाका.”

आता ती कोठीही गेली. चारचाकी वाघिणी नव्वदच्या दशकापासून झपाट्यानं गेल्या आणि त्यांच्याबरोबर एक संपूर्ण गावगाडा गेला. पूर्वी तालुक्याच्या स्टेशनाला एक सायडिंग, एक गुड्स शेड, आणि तिथे दोन-चार वाघिणी लागायच्या. व्यापाऱ्याला एक वाघीण मिळायची. बावीस टन माल भरायचा, रेल्वेची पावती घ्यायची. रेल्वेनं पुढे ठरवलं की माल द्यायचा तर पूर्ण रेक द्या. लहान व्यापारी ट्रककडे गेला, शेडला कुलूप लागलं. रावेर-सावद्याची केळी दिल्लीला गेली ती रेल्वेनं. ती कशी भरत, वारा कसा देत, कुठल्या वाघिणी निवडत, हे भरणाऱ्या हमालांना माहीत आहे आणि तेवढ्यांनाच. एखाद्यानं रावेरचं लोडिंग आणि एक केळीची गाडी मॉडेलमध्ये केली तर मी त्याच्या पाया पडेन. पण नाही, आम्हाला वंदे भारत पाहिजे.

कागदांची कहाणी तर आणखी संतापजनक. स्वातंत्र्यापूर्वी आपल्या कितीतरी वाघिणी इंग्लंडात बांधल्या गेल्या. ग्लॉस्टरच्या कॅरेज अँड वॅगन कंपनीनं आपल्या मालाचे फोटो पद्धतशीर काढून ठेवले, आणि ते आज ग्लॉस्टरशायरच्या अभिलेखागारात सांभाळलेले आहेत. आपल्याकडे वाघिणी बांधणाऱ्या बर्न स्टँडर्डला टाळं लावायचा निर्णय 2018 मध्ये झाला. तिथल्या ड्रॉइंग ऑफिसच्या कपाटांची चौकशी किती जणांनी केली? मी स्वतः एका कार्यालयात जुन्या वाघिणींचं डायग्राम बुक बघायला मागितलं होतं. टेबलामागच्या गृहस्थांनी विचारलं, “कशासाठी?” म्हटलं, मॉडेल करायचंय. “खेळण्यातलं?” हो म्हटलं तर पोरकट, नाही म्हटलं तर संशयित. शेवटी उत्तर आलं, सुरक्षेचा प्रश्न आहे, देता येणार नाही. भंगारात निघून वितळूनही गेलेल्या वाघिणीपासून देशाला काय धोका आहे, हे त्यांनी सांगितलं नाही. पुढच्या खेपेला गेलो तेव्हा कपाट रिकामं होतं. रद्दीचा लिलाव झाला होता, किलोवर, रीतसर निविदा काढून. सुरक्षा तेव्हा कुठे गेली होती?

आणि आमचे मित्र म्हणतात, “माहितीच मिळत नाही, म्हणून आम्ही परदेशी मॉडेलला आपला रंग देतो.” ही सबब मला मान्य नाही. आजच्या वाघिणीचा अकरा आकडी नंबर उभ्या उभ्या वाचता येतो. पहिले दोन आकडे प्रकार, पुढचे दोन मालक रेल्वे, त्यापुढचे दोन बांधणीचं साल, मग चार अनुक्रमाचे आणि शेवटचा पडताळणीचा. फाटकाशी गाडी अडली की आपण वैतागून हॉर्न वाजवतो. तेवढ्या वेळात वहीत वीस नंबर उतरतात. एका पावसाळ्यात कुणाही कॉलेजच्या पोराला आपल्या गावावरून जाणाऱ्या वाघिणींची वयं मांडता येतील. त्याला परवानगी लागत नाही, आयात शुल्क लागत नाही. लागते ती नजर, आणि ती इंजिन गेलं की आम्ही खाली घालतो. आज जी बीओएक्सएन रोज धडधडत जाते आणि कुणाला तिचं काही वाटत नाही, तीही जाणार आहे. तिच्यानंतरच्या वाघिणी केव्हाच रुळावर आल्या आहेत. वीस वर्षांनी हेच लोक हळहळतील आणि विचारतील, तिच्या दाराचे किती क्लोजअप फोटो कुणाकडे आहेत?

तेव्हा ज्यांच्या घरात कुणी रेल्वेतून निवृत्त झालंय त्यांना एक विनंती. टीएक्सआर (गाड्या तपासणारे) असतील, गार्ड असतील, गुड्स क्लार्क असतील, वर्कशॉपात फिटर असतील, त्यांच्याजवळ बसा. हॉट ॲक्सल झालेली वाघीण कशी ओळखायचे, सील कसं मारायचे, कोणती वाघीण कुठल्या मालाला नकोशी होती, हे विचारा आणि लिहून घ्या, त्यांच्याच शब्दांत. माळ्यावरच्या ट्रंकेत डायग्राम बुक, वर्किंग टाइमटेबल, पिवळी पडलेली मेमो बुकं असतील, ती दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाल्याला देऊ नका. काकांचा स्टेशनावरचा जुना फोटो सापडला तर काकांना जरा बाजूला ठेवा आणि त्यांच्या मागे उभ्या असलेल्या वाघिणीवर काय लिहिलंय ते भिंग घेऊन वाचा. फोटो स्कॅन करताना मागची बाजूही करा, तारीख बहुधा तिथेच असते.